थंडीत पहाटे ट्रॅक्टर चालू होत नाही, काय करावं? (डिझेलवाले, इकडे या)

काळी_माती | १७ डिसेंबर, सकाळी ७:४२
नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यातला द्राक्षवाला आहे. इथे गेले पाच-सहा दिवस पारा ६-७ च्या आसपास आलाय, बागेत शेकोट्या पेटल्यात वगैरे सगळं नेहमीचं. प्रश्न ट्रॅक्टरचा आहे. ३५ एचपी, तीन सिलिंडर, ९८ चं मॉडेल, जुनं डायरेक्ट इंजेक्शन, हीटर-बिटर काही नाही. पहाटे वारा पडलेला असतो तेव्हा ब्लोअर जोडून फवारणी काढायची असते, आणि नेमका तेव्हाच हा नखरे करतो. सेल्फ मारला की घर्रर्र... घर्र... घ... करतो, धुराड्यातून पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास, की बंद. दहा वाजता अंगावर ऊन आलं की एका सेल्फात चालू, जसं काही झालंच नाही.
सध्या घरात तीन उपाय चालू आहेत. धाकटा भाऊ एअर क्लीनरमध्ये तो स्टार्टिंगचा स्प्रे मारतो, गडी पाना टाकून सेल्फ डायरेक्ट करतो, आणि मी गणपतीला नारळ कबूल करतो. बॅटरी दीड वर्षाची आहे. खर्च करायला ना नाही, पण कुठे करायचा ते तरी कळू दे.

कुडकुडे | ७:५५
नारळवाला उपाय सगळ्यात सुरक्षित आहे, तोच चालू ठेवा.

टर्बोराव | ८:२०
डॅशबोर्डवर पिवळी कॉइल दिसते ती विझेपर्यंत थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. फार थंडी असेल तर चावी ऑन-ऑफ करून दोनदा तापवून घ्यायचं. आमची एसयूव्ही महाबळेश्वरला जानेवारीत उघड्यावर उभी होती, सकाळी पहिल्या झटक्यात चालू.

काळी_माती | ८:३१
@टर्बोराव, हीटर नाहीये हो, लिहिलंय वर. माझ्या डॅशबोर्डवर फक्त गांधीलमाशीचं घर आहे.

कंदील | ८:५०
सोपा उपाय, टाकीत थोडं रॉकेल मिसळा. आमचे आजोबा हिवाळ्यात पाच लिटरला अर्धा लिटर टाकायचे. डिझेल गोठतंय तुमचं.

पंप_नोझल | ९:४०
मी या धंद्यात २२ वर्षं आहे, नावावरून कळलंच असेल. रॉकेलचं आधी सांगतो. इंजिनाला डिझेल देणाऱ्या पंपाच्या आतले प्लंजर आणि नोझलच्या सुया डिझेलच्याच चिकटपणावर चालतात, त्यांना दुसरं वंगण नाही. रॉकेल त्या मानाने कोरडं. आजोबांचं जुनं इंजिन सोसत असेल, आताच्या कॉमन रेलवाल्याने (एकाच दाबाच्या नळीतून सगळ्या नोझलना डिझेल जातं तो) हे केलं तर पंपाचा चुरा रेलमधून थेट नोझलमध्ये जातो आणि बिल बघून घाम फुटतो, तेवढीच काय ती ऊब.
आता मूळ प्रश्न. डिझेलला स्पार्क प्लग नसतो हे सगळ्यांना माहीत आहे पण त्याचा अर्थ कोणी लक्षात घेत नाही. पिस्टन हवेला सतरा-अठरा पट दाबतो, दाबल्यामुळे ती पाचशे अंशांच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. म्हणजे तुमची काडेपेटी म्हणजे दाब. सायकलला हवा भरताना पंप खालून गरम लागतो ना, तोच प्रकार. थंडीत सिलिंडरचं लोखंड गार, ते ती उष्णता पिऊन टाकतं. त्यात इंजिन हळू फिरलं तर हवेला पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो, दाब पुरेसा बनतच नाही. डिझेल आत जातंय पण पेटत नाही, तोच तुमचा पांढरा धूर. म्हणजे डिझेल पोचतंय, पंप ठीक आहे.
तुमच्या पोस्टमधला सगळ्यात कामाचा शब्द "घर्र... घ..." हा आहे. इंजिन जोरात फिरत नाहीये. थंडी फक्त निमित्त आहे, आधी सेल्फला करंट पुरा का मिळत नाही ते बघा.

हळदीचे_पान | १०:०५
@पंप_नोझल, सायकलच्या पंपाचं उदाहरण फार आवडलं. मेकॅनिकलच्या चार वर्षांत मला हे इतकं स्वच्छ कोणी सांगितलं नव्हतं, नुसते पीव्ही डायग्राम काढून घेतले.

एडमंटनकर | १०:३०
६-७ अंश!! आमच्याकडे त्याला वसंत ऋतू म्हणतात आणि पोरं हाफ पँटवर फिरतात.

कुडकुडे | १०:३४
आला. मी म्हणतच होतो अजून कॅनडा कसा आला नाही.

एडमंटनकर | १०:५२
आलोच आहे तर कामाचं सांगतो. इथे उणे ३० नेहमीचं, कधीतरी उणे ४०, जिथे सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात. डिझेल पिकअपला ब्लॉक हीटर असतो, इंजिनाच्या पाण्यात बसवलेला विजेचा हीटर, पाण्याच्या बादलीत टाकतो तसाच समजा. बोनेटमधून वायर बाहेर लोंबत असते आणि पार्किंगमध्ये प्लग पॉइंट असतात. नवीन आलो तेव्हा मला वाटलं या देशात सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक आहेत. निघायच्या तीन-चार तास आधी टायमरने चालू होईल असं करायचं, रात्रभर ठेवायची गरज नसते. पंपावर हिवाळ्यात डिझेलच वेगळं येतं, आपल्याला काही करावं लागत नाही.

कंदील | ११:१५
म्हणजे डिझेल गोठतं हे खरं आहे तर. मी तेच म्हणत होतो.

रिटायर्ड_फौजी | दुपारी १:२०
गोठतं, पण निफाडला नाही, कारगिलला. मी लष्करात ड्रायव्हर होतो, दोन हिवाळे तिकडे काढलेत. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते आधी धुरकट होतं, मग फिल्टरच्या कागदावर साचतं, इंजिन चालू होऊन दोन मिनिटांत उपाशी मरतं. आमच्या वेळी रात्री दर काही तासांनी गाड्या उठवून चालवायच्या, ड्यूटी लावलेली असायची. सिव्हिल ट्रकवाले टाकीखाली चिंध्या पेटवायचे, बघूनच अंगावर काटा यायचा. आता तिथे वेगळं हिवाळी डिझेल मिळतं, इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी काढलं, पानिपत रिफायनरीचं, उणे ३३ पर्यंत पातळ राहतं.
माती भाऊ, तुमच्या इंजिनाने पांढरा धूर सोडला म्हणजे डिझेल पोचतंय, मिस्त्री बरोबर सांगतायत. एकच विचारतो, डिझेल पंपावरून ताजं आणता की घरी ड्रम भरून ठेवलाय?

काळी_माती | १:४५
ड्रम आहे. २०० लिटरचा. सप्टेंबरमध्ये छाटणीच्या आधी भरलेला, निम्मा उरलाय. का हो?

रिटायर्ड_फौजी | २:१०
कारण आपल्याकडे डिझेलचा मापदंड उन्हाळ्याला वेगळा आणि हिवाळ्याला वेगळा. फिल्टर चोंदायच्या तापमानाची मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश, हिवाळी डिझेलला ६ अंश. प्रत्यक्षात येणारा माल बहुतेकदा यापेक्षा बराच चांगला असतो, पण सप्टेंबरचा ड्रम डिसेंबरात वापरणार असाल तर खात्री करून घ्या. पारदर्शक काचेच्या बाटलीत ड्रमच्या तळातलं डिझेल घ्या आणि रात्रभर बाहेर ट्रॅक्टरशेजारी ठेवा. पहाटे टॉर्चच्या उजेडात बघा. ढगाळ दिसलं तर मेण, तळाला मणी दिसला तर पाणी, स्वच्छ दिसलं तर डिझेलवर आळ घेऊ नका.

पंप_नोझल | २:२५
फौजी काका, एक नंबर. हे मीपण गिऱ्हाइकांना सांगत जाईन.

चाकवत | २:५०
मी शेतकरी नाही, माहेर-सासर दोन्ही शेतीतलं आहे पण मी बँकेत. तरी लिहिते, कारण सकाळपासून बघतेय, रॉकेलवर बोललात, डिझेलवर बोललात, पण पहिल्या पोस्टमधल्या "गडी पाना टाकून सेल्फ डायरेक्ट करतो" यावर कोणी एक अक्षर बोललं नाही.
माझे चुलत सासरे असंच करायचे. क्लचखालचा स्विच (क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू देत नाही तो) खराब झालेला, दीडशे-दोनशेचं काम, आज करू उद्या करू. खाली उभं राहायचं, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये, पाना सेल्फच्या दोन बोल्टांना टेकवायचा की झालं. शेकडो वेळा केलं असेल. एका सकाळी आदल्या रात्री कोणीतरी गिअरमध्ये लावून ठेवला होता. थंडी होती, दोनदा चालू झाला नाही, तिसऱ्यांदा झाला आणि निघालाच. मागचं चाक कमरेवरून गेलं. जमीन नांगरलेली भुसभुशीत होती म्हणून वाचले, पण पाच महिने पलंगावर, आणि आता काठी घेऊन चालतात. तो पाना अजून घरात आहे, टोकाला ठिणग्यांनी खाल्लेले काळे खड्डे आहेत, सासूबाई कोणाला वापरू देत नाहीत आणि टाकूनही देत नाहीत.
माती दादा, गड्याला सांगा. बाकी तुमचं चालू द्या.

काळी_माती | ३:३०
ताई, वाचून दोन मिनिटं काही सुचलं नाही. आमचाही तोच स्विच गेलाय. खरं म्हणजे चार महिने झाले.

पंप_नोझल | ४:०५
ताईंनी लिहिलंय त्यात एक भर. लोकांना वाटतं चावी बंद आहे म्हणजे ट्रॅक्टर चालू होणार नाही. जुन्या डिझेलला एकदा फिरलं की वीज लागतच नाही, पंप फिरला की डिझेल जातं, बंद करायला स्टॉपची दांडी ओढावी लागते. म्हणजे खाली उभा माणूस, वर सीटवर कोणी नाही, आणि इंजिन आपल्या मर्जीने चालू. तो स्विच कंपनीने शोभेला दिलेला नाही. चालू करायचं ते सीटवर बसून, न्यूट्रल, पीटीओ (ब्लोअर फिरवणारा मागचा दांडा) सोडलेला, हँडब्रेक ओढलेला, क्लच पूर्ण दाबून. थंडीत क्लच दाबायचा आणखी फायदा आहे, गिअरबॉक्समधलं तेल काकवीसारखं घट्ट असतं, क्लच दाबला की ते घुसळायचं ओझं सेल्फवरून उतरतं.
आता स्प्रे. त्यात ईथर असतं. ते डिझेलच्या बरंच आधी, १८० अंशांच्या आतच पेट घेतं. म्हणजे पिस्टन वर येतोय आणि निम्म्या वाटेतच स्फोट, पिस्टनला उलटा धक्का. गेल्या वर्षी एक इंजिन उघडलं, तिन्ही पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटलेल्या, मालक म्हणे "थोडासाच मारायचो". थोडासा म्हणजे किती ते डब्याला कळत नाही. आणि रिंगा गेल्या की दाब जातो, दाब गेला की स्प्रेशिवाय चालू होत नाही, म्हणून लोक म्हणतात इंजिनला चटक लागते. ज्यांच्या गाडीला हीटर प्लग किंवा मॅनिफोल्डमध्ये (हवा आत जायच्या नळीत) हीटर आहे त्यांनी तर डबा हातातसुद्धा घेऊ नये, तो तापलेला असताना ईथर आत गेलं तर तिथेच भडका.

उंबरकोन | ४:४०
थंडीतलं इंजिन म्हटलं की मला आमच्या विहिरीवरचं पाच एचपीचं किर्लोस्कर आठवतं. धुराड्यावर पालथा डबा असायचा पाऊस जाऊ नये म्हणून, चालू झालं की डबा टणटण नाचायचा आणि त्या आवाजावरून आजी घरी भाकऱ्या टाकायला घ्यायची. हँडल मारायचं म्हणजे दोन माणसांचं काम, एक हँडलवर आणि एक डिकॉम्पच्या खिट्टीवर. खिट्टी उचलली की व्हॉल्व्ह उघडा राहतो, दाब नसतो, चाक गरागरा फिरवता येतं, वेग आला की ओरडायचं "सोड!", खिट्टी पाडली की फट... फट... फटफटफट. ती पाडणारा मी, वय वर्षे नऊ. एकदा मी लवकर पाडली. वडिलांचं हँडल उलटं आलं. तेव्हापासून त्यांनी शिकवलेलं लक्षात आहे, हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा गुंडाळायचा नाही, म्हणजे उलटा झटका आला तर हँडल हातातून निसटतं, अंगठा मोडत नाही. त्यांचा मोडला होता, म्हणून शिकवलं.

मेथीची_जुडी | ५:००
आमच्याकडे थंडीत त्याच इंजिनाच्या हवेच्या नळीत चमचाभर ऑइल सोडायचे. बरोबर होतं का ते?

पंप_नोझल | ५:१५
चमचाभरच असेल तर बरोबर. तेलाने रिंगांच्या फटी तात्पुरत्या बुजतात, दाब वाढतो. वाटीभर ओतलंत तर मात्र तेल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

कुडकुडे | ५:२०
चमचाभर आणि वाटीभर, धागा पाककृतीत हलवावा ही विनंती.

टर्बोराव | ५:५०
एक शंका, जानेवारीत स्पितीला जायचा बेत आहे, पुण्याहून गाडी घेऊनच. तिथे डिझेल, बॅटरी, कूलंट एवढंच बघायचं का?

एडमंटनकर | ६:३०
@टर्बोराव, कूलंट ५०:५० (निम्मं कूलंट, निम्मं पाणी) आहे ना बघा, नुसतं पाणी भरलेलं असेल तर ब्लॉक फुटतो. तुमची गाडी बीएस-६ असेल आणि अॅडब्लूची (धूर साफ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाची) टाकी असेल तर ते द्रावण उणे ११ ला गोठतं, गाडी स्वतः वितळवते, घाबरू नका. टाकी शक्यतो वर जाऊन तिकडच्या डिझेलने भरा, पुण्याचं डिझेल घेऊन चढू नका. चालू झाल्यावर पहिलं मिनिटभर अॅक्सिलरेटरला पाय लावू नका, टर्बोपर्यंत तेल पोचायचं असतं. पण उभ्या उभ्या अर्धा तास गरम करत बसू नका, डिझेल उभ्याने लवकर तापत नाही, मिनिटभराने हळू चालवायला लागा. आणि रात्री इंजिन चालू ठेवून काचा बंद करून गाडीत झोपायचं नाही. हॉटेलचं बंद गॅरेज असेल तर तिथेही इंजिन चालू ठेवू नका.

हळदीचे_पान | ६:४५
बॅटरी थंडीत का मरते ते कोणी सांगेल का? माझी ॲक्टिव्हासुद्धा हल्ली सकाळी रुसते.

रिटायर्ड_फौजी | ७:१५
आतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे १८ ला तीच बॅटरी साधारण निम्मी ताकद देते, आणि नेमकं तेव्हाच ऑइल घट्ट असल्यामुळे इंजिन जास्त ताकद मागतं. निफाडला तितकं नाही, पण थोडा फटका बसतोच. रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट दाखवली पाहिजे, १२.४ च्या खाली असेल तर चार्जिंगला लावा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच मारायचा, मग एक-दोन मिनिटं दम घेऊ द्यायचा. धरून बसलात तर बॅटरीपण जाते आणि सेल्फच्या आतलं आर्मेचरपण.
दुसऱ्या गाडीवरून जंप देताना शेवटची काळी वायर मेलेल्या बॅटरीला लावू नका, इंजिनाच्या कोऱ्या लोखंडाला लावा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते, ती बॅटरीपासून लांब पडू दे.

पंप_नोझल | ८:००
माती दादा, आता तुमचा गृहपाठ. मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, वायरच्या टोपणावर नाही, खुद्द खुंटीवर, आणि दुसरं इंजिनाच्या खरवडलेल्या लोखंडावर. कोणाला तरी सीटवर बसवून सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं तर अर्थिंग ठीक. जास्त आलं तर तुमची बॅटरी ओरडतेय पण सेल्फला ऐकूच जात नाहीये. मीटर नसेल तर जंपची काळी वायर तशीच निगेटिव्हपासून इंजिनाला जोडून सेल्फ मारून बघा, जोर वाढला तर चोर सापडला.

काळी_माती | १९ डिसेंबर, सकाळी ६:३५
आज पहाटेचा अहवाल. फौजी काकांची बाटली: डिझेल स्वच्छ, मेण नाही, पण तळाला हरभऱ्याएवढा पाण्याचा मणी. फिल्टरच्या वाटीचा नट ढिला केला तर पहिले चार-पाच थेंब पाण्याचेच. ड्रम आता तिरका ठेवलाय आणि तळातलं वापरायचं नाही असं ठरवलंय.
मिस्त्रींचा मीटर: २.३ व्होल्ट. अर्थिंगची पट्टी चेसिसला जिथे बसते तो नट दिसत नव्हता इतका चिखल आणि औषधांचा थर. खरवडला तर खाली पट्टीच्या निम्म्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या. नवी पट्टी, वायर ब्रशने जागा लख्ख, वरून ग्रीस. आज साडेपाचला ७ अंश होतं. पहिला सेल्फ थोडा घरघरला, दुसऱ्याला चालू. पांढरा धूर अर्धं मिनिट. अजून पहिल्याच सेल्फात नाही, पण स्प्रेचा डबा भावाच्या हातून काढून घेतलाय.

पंप_नोझल | ७:१०
वा! ऑइल कुठलं आहे? जुनं नुसतं ४० नंबर भरलेलं असेल तर पुढच्या वेळी १५डब्ल्यू-४० घाला. डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडीत ते कमी घट्ट होतं. मग पहिल्या सेल्फातही होईल.

कंदील | ७:३०
रॉकेल नव्हतं लागत तर. बरं.

चाकवत | ९:००
स्विचचं काय झालं दादा?

काळी_माती | ९:२०
बसवला ताई, काल संध्याकाळीच, १८० रुपये. गड्याला तुमची पोस्ट वाचून दाखवली. तो काही बोलला नाही, आज पहाटे सीटवर बसूनच चालू केला. पाना मात्र अजून त्याच्या मागच्या खिशात आहे, मी विचारलं तर म्हणाला ब्लोअरच्या नटासाठी लागतो.

कुडकुडे | ९:२५
आणि नारळ?

काळी_माती | ९:४०
दोन कबूल केले होते. रविवारी फोडतो.